पिंजाऱ्यापाशी थांबलेले दत्तगुरू

एक पिंजारी मान खाली घालून कापूस पिंजत बसला आहे. समोरच्या वाटेने मोठे सैन्य चालले आहे. असा लवाजमा रोज दिसत नाही. कुणीही हातातले काम टाकून बघत उभा राहील. पिंजाऱ्याची मान मात्र वर होत नाही. डोळे कापसावर, कान तातेच्या आवाजावर. सैन्य येते, निघून जाते, त्याला पत्ताही नसतो. एक जटाधारी यती हे सारे बघत थांबलेला असतो. देवाकडे चित्त लागावे तर असे लागावे, असे त्याच्या मनात येते. पिंजाऱ्याला गुरू मानून तो पुढे निघतो.

हा यती म्हणजे दत्तात्रेय.

मराठी वाचक इथे अडखळेल. दत्तांचे चोवीस गुरू आपल्याकडे पुष्कळांना पाठ असतात: पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कपोत, अजगर, समुद्र, पतंग... भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला ही यादी सांगतो. एकनाथांनी काशीत पूर्ण केलेल्या भागवतटीकेमुळे ती महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली. त्या यादीत पिंजारी नाही. तो आहे शिखांच्या दसम ग्रंथात. दत्तांची ही कथा तिथे ‘रुद्र अवतार’ या भागात येते.

गुरू गोविंदसिंगांच्या नावाशी जोडलेला दसम ग्रंथ बहुतांशी व्रज भाषेत आणि गुरुमुखी लिपीत आहे. त्यात जपाच्या रचना आहेत, चंडीची चरित्रे आहेत, गुरूंच्या आयुष्यावरचे ‘बचित्तर नाटक’ आहे, फारसी भाषेतले ‘जफरनामा’ हे औरंगजेबाला लिहिलेले पत्र आहे. आणि त्यात पुष्कळ मोठी जागा अवतारकथांनी व्यापली आहे. विष्णूचे चोवीस अवतार, मग ब्रह्माचे सात, मग रुद्राचे दोन. देवाला जन्म नाही असे सांगणाऱ्या धर्माच्या ग्रंथात अवतारांच्या कथांना एवढी जागा कशी मिळाली, हा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्यासाठी थोडे मागे, आदिग्रंथापाशी जावे लागते.

गुरू अर्जनदेवांनी 1604 मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला. त्याच्या अगदी आरंभी, मूलमंत्रात, परमेश्वराला ‘अजूनी’ म्हटले आहे: जो कुठल्याही योनीत येत नाही, जन्म घेत नाही. हा शीख विचाराचा पाया. पण त्याच ग्रंथात त्या अजन्म्या परमेश्वराला हाका मारल्या जातात त्या राम, हरी, गोविंद, मुरारी, नारायण, माधव अशा. नावे अवतारांची घेतली. पण ज्याला हाक मारायची तो मथुरेत किंवा अयोध्येत जन्मलेला नव्हे. नामाचा महिमा ऐकत वाढलेल्या वारकऱ्याला हे समजायला वेळ लागू नये.

अवतारांच्या गोष्टीही आदिग्रंथात येतात, दाखला म्हणून. गुरू नानकांच्या एका रचनेत जगात कोणकोण रडले त्याची यादी आहे. इंद्र रडला, परशुराम रडला, सीता-लक्ष्मणांपासून ताटातूट झाली तेव्हा वनवासी रामही रडला. दुःख कुणालाच चुकलेले नाही, एवढे त्यातून सांगायचे आहे. रामाची अवहेलना तिथे नाही. उलट रडणारा राम ऐकणाऱ्याला जवळचाच वाटतो. पण कर्त्याच्या जागी तो बसत नाही, हे स्पष्ट आहे.

याच ग्रंथात आपले नामदेव आहेत, एकसष्ट पदांसह. प्रल्हाद आणि नरसिंहाची गोष्ट त्यांनी तिथे सांगितली आहे, विठ्ठलाला ‘बीठल’ म्हणून साद घातली आहे. आणि एका पदात त्यांनी पांड्यांना, म्हणजे पंडितांना, सरळ धारेवर धरले आहे: तुमचे रामचंद्र येताना पाहिले, रावणाशी वैर होऊन घरची बायको गमावून बसले होते. मराठी अभंगांतले गहिवरलेले नामदेव ज्यांना ठाऊक आहेत, त्यांनी हे नामदेवही वाचावेत. भक्ती तीच आहे, पण पंजाबातल्या या पदांत तिची जीभ जास्त तिखट झाली आहे.

दुसऱ्या बाजूला, अवतारांची परंपरा गुरूंपर्यंत आणून जोडणारेही त्याच ग्रंथात भेटतात. भट्ट कवींच्या सवैयांत सत्ययुगातला बळीला छळणारा वामन, त्रेतातला रघुवंशी राम, द्वापरातला कृष्ण आणि कलियुगातले नानक, अंगद, अमरदास अशी ओळ लावली आहे. आदिग्रंथ ज्यांच्या हातून लिहिला गेला त्या भाई गुरदासांनी तर आपल्या पहिल्या ‘वारे’त, म्हणजे दीर्घ कवनात, ‘वाहिगुरू’ या शब्दाची फोडच अशी केली: वासुदेवाचा ‘व’, हरीचा ‘ह’, गोविंदाचा ‘ग’, रामाचा ‘र’. चार युगांची चार नावे आणि त्यांचा मिळून एक मंत्र. त्यांच्या दहाव्या वारेत ध्रुव, प्रल्हाद, बळी, जनक, द्रौपदी, सुदामा यांच्या गोष्टी ओळीने येतात आणि त्याच ओघात नामदेवही येतात. हे वाचताना लक्षात येते की या कथा शीख घरांत परक्या नव्हत्याच. त्या आजीच्या तोंडच्या होत्या. प्रश्न इतकाच होता की त्या कशासाठी सांगायच्या.

गुरू गोविंदसिंगांच्या काळात त्याचे उत्तर बदलले.

यमुनेकाठच्या पांवटा येथे गुरूंचा मुक्काम होता. भोवती कवींचा मेळा असे. परंपरा बावन्न कवी सांगते. तिथे ‘कृष्णावतार’ पुरा झाल्याची नोंद त्याच ग्रंथात आहे: विक्रम संवत 1745, श्रावण शुद्ध पक्ष, म्हणजे इसवी सन 1688. पांवट्याजवळ भंगाणी येथे पहाडी राजांशी गुरूंची पहिली मोठी लढाई झाली, तीही याच वर्षी. जवळजवळ अडीच हजार छंदांच्या या रचनेत बाळलीला आहेत, रास आहे, गोपींचा विरह आहे. पण तिचा मोठा भाग युद्धाने भरला आहे आणि कवी त्याचे कारणही सांगतो. भागवताचा दशम स्कंध आपण लोकभाषेत आणला तो धर्मयुद्धाची उमेद जागवावी म्हणून, दुसरी कसली वासना मनात नाही, असे तो रचनेच्या अखेरीस नोंदवतो. आपण आधी गणेशाला आळवत नाही, कृष्ण-विष्णूचे ध्यान करत नाही, हेही त्याने मध्येच बजावून ठेवले आहे. कृष्णकथेचे अडीच हजार छंद रचणारा कवी हे म्हणतो, हे विसरून चालणार नाही.

मग युद्धाच्या भागात भागवतात कुठेच नसलेला एक वीर उभा राहतो: खड्गसिंग. तो जरासंधाच्या बाजूचा, म्हणजे कृष्णाच्या विरोधातला. पण कवीचे मन त्याच्यावर जडले आहे. यादवांचे वीर त्याच्यापुढे टिकत नाहीत, देवही मदतीला येऊन माघारी फिरतात, खुद्द कृष्णाला तो आवरत नाही. सरळ लढाईत तो मरत नाही, म्हणून शेवटी कपटाचा आधार घ्यावा लागतो. अवताराच्या गोष्टीत अवतारापेक्षा त्याचा प्रतिस्पर्धी उंच दिसावा, ही गोष्ट सहज घडत नाही. जिथे शस्त्र धरणाऱ्याच्या निर्भयतेला मोल आहे, तिथेच ती घडते. याच रणात अजायब खान, गैरत खान अशी नावेही येतात. द्वापरातल्या मथुरेत खान कुठले, असे विचारायचे कारण नाही. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढची लढाई सतराव्या शतकातली होती.

‘रामावतार’ त्यानंतर दहा वर्षांनी, संवत 1755 मध्ये, सतलजच्या काठी नैनादेवीच्या पायथ्याशी पुरा झाला. म्हणजे 1698, पुढच्याच वर्षीच्या बैसाखीला आनंदपुरात खालसा पंथाची स्थापना झाली. आठशे चौसष्ट छंदांचे हे रामायण वाचण्यापेक्षा ऐकण्याचे आहे. युद्ध ऐन भरात आले की छंदांत मृदंगाचे बोल मिसळतात. शब्दाचा पहिला तुकडा फुटतो, मध्ये तालाचे बोल घुमतात आणि मग शब्द पुरा होतो. अर्थ कळायच्या आधी कानाला लढाई कळते. आपल्याकडे डफावरचा पोवाडा ज्याने ऐकला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

या रामायणाचा शेवट वाल्मीकींपेक्षा निराळा आहे. लव-कुशांसह अयोध्येला परतलेल्या सीतेला एके दिवशी बायका विचारतात, रावण दिसायला कसा होता? ती भिंतीवर त्याचे चित्र काढून दाखवते. राम ते पाहतो आणि त्याच्या मनात संशय येतो. सीता धरणीला हाक मारते, धरणी दुभंगते. रावणाच्या चित्राची ही गोष्ट भारतातल्या अनेक प्रांतांच्या लोकरामायणांत फिरते. बायकांच्या तोंडी ती जास्त रमली. आनंदपूरच्या कवीने ती घेतली यावरून एक दिसते. त्याच्यापुढे संस्कृत पोथी तर होतीच, शिवाय चुलीपाशी सांगितली जाणारी रामकथाही त्याने ऐकलेली होती.

‘रामावतारा’च्या समारोपाचे दोन छंद आजही रोज लाखो घरांत म्हटले जातात. शिखांच्या सायंप्रार्थनेत, ‘रहिरास’मध्ये, ते येतात. राम आणि रहीम, पुराण आणि कुराण पुष्कळ काही सांगतात, पण तुझे पाय धरल्यापासून दुसरे कुणी माझ्या नजरेत भरत नाही, असा त्यांचा भाव आहे. आठशेहून अधिक छंद रामाची गोष्ट प्रेमाने, जोमाने सांगायची आणि शेवटी मस्तक ठेवायचे ते रामाच्याही पलीकडे असलेल्या अकाल पुरखाच्या, म्हणजे परमेश्वराच्या, पायांवर. शीख परंपरेत अवतारकथेला कुठे बसवले आहे, ते या समारोपाइतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसेल.

आता पुन्हा दत्तांकडे.

दसम ग्रंथात देव पृथ्वीवर येतात ते अनेकदा शिक्षा म्हणून. ब्रह्माला वेदांचा गर्व झाला, म्हणून काळपुरखाने, म्हणजे परमेश्वरानेच, त्याला खाली पाठवले आणि सात जन्म घ्यायला लावले. त्यांत वाल्मीकी आहेत, व्यास आहेत, कालिदासही आहे. ग्रंथकर्त्या देवाला कवींच्या जन्मांतून फिरवून आणण्याची ही कल्पना फार सुंदर आहे. रुद्राचेही तेच. त्याला आपल्या तपाचा ताठा चढला, म्हणून अत्री-अनसूयेच्या पोटी दत्त होऊन यावे लागले. गुरुचरित्रातला दत्त जन्मतःच परब्रह्म आहे. इथला दत्त शिकायला आलेला आहे, आणि म्हणूनच तो इतके गुरू करतो.

भागवतातली यादी पृथ्वीपासून सुरू होते, तर इथला पहिला गुरू आहे अकाल पुरख. दुसरा गुरू मन. त्यानंतर दत्त वाटेला लागतात आणि भेटेल त्याच्याकडून घेत जातात. माशीवर टपलेला कोळी. माशाकडे डोळे लावून उभा असलेला बगळा. उंदरासाठी दबा धरून बसलेले मांजर. मग पिंजारी. मग पाण्यात जाळे धरून उभा मच्छीमार. एकाग्र होऊन चंदन उगाळणारी दासी. बाहुल्यांशी खेळणारी मुलगी. मालकाच्या दाराशी पहाऱ्यावर उभा चाकर. शिकारी. व्यापारी.

काही गुरू दोन्ही याद्यांत आहेत. बाण घडवण्यात गढलेला, राजाची स्वारी शेजारून गेली तरी न कळलेला कारागीर भागवतातही आहे. तोंडातले मांस टाकून दिल्यावरच सुटका झालेला पक्षी तिथेही आहे. पण फरक बघण्यासारखा आहे. भागवतात मासा गुरू आहे: जिभेच्या लोभाने गळाला लागून तो मरतो आणि त्याच्या मरणातून अवधूत धडा घेतो. दसम ग्रंथात गुरू होतो तो मच्छीमार. भागवतात गाण्याला भुलून फसलेले हरीण गुरू आहे, तर दसम ग्रंथात हरणाच्या मागावरचा शिकारी. बळी पडणाऱ्याकडून विरक्ती शिकायची, हा भागवताचा मार्ग. हातातल्या कामात बुडालेल्या माणसाकडून एकाग्रता शिकायची, हा आनंदपूरचा. पहिला संन्याशाला जवळचा, दुसरा कष्ट करून खाणाऱ्याला.

यात गुरू नानकांची शिकवण स्वच्छ दिसते. घाम गाळून मिळवावे, वाटून खावे, नाम घ्यावे, हे त्यांनी सांगितले आणि संसार सोडून जाणाऱ्यांना बोल लावला. शिखांच्या या ग्रंथात दत्तासारखा विरक्तांचा राजा आला, तोही पिंजारी, मच्छीमार आणि दासी यांच्यापुढे हात जोडत. एका जुन्या चौकटीत एवढा बदल करून तिचा सगळा रोख फिरवणे, हे मोठ्या कवीचेच काम आहे.

रुद्राचा दुसरा अवतार पारसनाथ. नाव जैन तीर्थंकराचे, कथा मात्र एका दिग्विजयी राजाची. तो सगळी पृथ्वी जिंकतो आणि आता जिंकायचे काय उरले, असे विचारत सुटतो. त्याचे उत्तर फक्त एक मुनी देऊ शकेल, तो माशाच्या पोटात आहे, असे त्याला कळते. जाळी टाकून तो मासा पकडतात, पोट चिरतात आणि आतून बाहेर येतात मच्छिंद्र. नवनाथांची पोथी ऐकलेल्या मराठी माणसाला ही ओळख पटायला वेळ लागणार नाही. मच्छिंद्र राजाला सांगतात, सगळे जिंकलेस, पण मन जिंकले नाहीस. मग विवेक आणि अविवेक यांच्या फौजा एकमेकींसमोर उभ्या राहतात. काम, क्रोध, लोभ यांना रथ, घोडे आणि ध्वज मिळतात आणि एरवी हत्तींच्या पायाखाली तुडवली जाणारी रणभूमी माणसाच्या आत येते.

विष्णूच्या चोवीस अवतारांतला शेवटचा निहकलंकी, आपला कल्की. संभलात त्याचा जन्म होतो, तो कलियुगातले पाप निपटून काढतो, दिशा जिंकतो. पुराण इथे थांबते. दसम ग्रंथ पुढे जातो. विजयाने कल्कीला वाटू लागते की आपणच सर्वश्रेष्ठ, आपल्यावाचून दुसरा नाही. काळपुरख मग मीर मेहदीला निर्माण करतो आणि त्याच्या हातून कल्कीचा अंत होतो. मेहदी हे मुसलमानी परंपरेतल्या जगाच्या शेवटी येणाऱ्या उद्धारकाचे नाव. पण तोही जग जिंकून गर्वाने फुगतो. त्याच्यासाठी काळपुरखाला फौज लागत नाही. एक किडा त्याच्या कानात शिरतो आणि तेवढ्याने तो संपतो. हिंदूंचा शेवटचा अवतार आणि मुसलमानांचा शेवटचा उद्धारक यांना एकाच कथेत, एकाच दोषासाठी, एकाच न्यायाने वागवणारे असे दुसरे पान भारतीय साहित्यात शोधावे लागेल.

या कठोरपणातून गुरूंनी स्वतःलाही वगळलेले नाही. ‘बचित्तर नाटका’त त्यांनी सांगून ठेवले आहे की जे मला परमेश्वर म्हणतील ते नरककुंडात पडतील; मी त्याचा दास आहे, जगाचा तमाशा बघायला आलो आहे. कल्कीच्या हातून झालेली चूक आपल्या भक्तांनी आपल्याबाबतीत करू नये, ही त्यामागची काळजी आहे.

दसम ग्रंथातल्या या अवतारकथा कुणी रचल्या, यावर शिखांत जुना आणि तीव्र वाद आहे. ‘कृष्णावतारा’त श्याम आणि राम या कवींची नावे येतात. त्यामुळे हे लेखन दरबारी कवींचे आहे असे कित्येक अभ्यासक मानतात. सारे गुरूंच्याच मुखातले आहे, ही नावेही त्यांनीच घेतलेली आहेत, असे परंपरेतले अनेकजण निष्ठेने मानतात. हस्तलिखितांत पाठभेद इतके होते की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमृतसरात शोधक समिती नेमून पोथ्या ताडून बघाव्या लागल्या; आजची 1428 पानांची छापील प्रत त्यातून आली. रोजच्या प्रार्थनेत दसम ग्रंथातले जाप साहिब, सवैये आणि चौपई यांना मान आहे. ‘रामावतारा’चा समारोप सोडला तर अवतारकथा तशा म्हटल्या जात नाहीत. पंजाबातल्या बहुतेक गुरुद्वारांत प्रकाश होतो, म्हणजे ग्रंथ विधिवत उघडून ठेवला जातो, तो फक्त गुरू ग्रंथ साहिबाचा, अर्थात आदिग्रंथाचा.

नांदेडात मात्र तसे नाही. गोदावरीकाठच्या या गावात 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांचा देह पडला. महाराजा रणजितसिंगांच्या काळात, 1832 ते 1837 च्या दरम्यान, तिथे आजचे तख्त हुजूर साहिब उभे राहिले. इथे गुरू ग्रंथ साहिबासोबत दसम ग्रंथाचाही प्रकाश होतो. संध्याकाळी आरती होते, शस्त्रांना चंदन लागते, दसऱ्याला हल्लाबोलची मिरवणूक निघते. मराठवाड्यातल्या माणसाने हे लहानपणापासून पाहिलेले असते. तो यात्रेला जातो, लंगरात जेवतो, गोदावरीला नमस्कार करतो. पण त्या दुसऱ्या ग्रंथात अनसूयेचा मुलगा आहे, हे त्याच्या कानावर फारसे आलेले नसते. आणि अनसूयेचे देऊळ, दत्तशिखर, परशुरामाची आई रेणुका, हे सारे ज्या माहूरच्या डोंगरावर आहे ते माहूर याच नांदेड जिल्ह्यात. माहूरला निघालेला भाविक पुष्कळदा नांदेड स्टेशनावर उतरतो आणि एसटीची वाट बघताना तख्तावर माथा टेकून येतो.